बाटलीतला दात

४ जून

प्रिय ठोंब्या,

पोचलो, सूज उतरली, जेवण सुरू केलं, असं तीन ओळींचं तुझं पत्र मिळालं. शीतगृहाचा मॅनेजर झालास म्हणून पत्रंही गोठवून पाठवायची असं काही नाही. आईने ते दोनदा वाचलं आणि मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही उलटून पाहिलं. फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस. निदान कागद तरी भरत जा.

तुझे चारही दात माझ्याकडे सुखरूप आहेत. लोकांचे भाऊ बहिणीला काहीबाही आणून देतात, माझ्या भावाने दात दिले. तारा बसवायला जागा हवी म्हणून ते काढावेच लागणार होते, पण उकिरड्यावर जायच्या ऐवजी ताईच्या कामी आले. खुर्चीत बसून तू सारखा काहीतरी विचारत होतास. तोंडात माझी बोटं होती, त्यामुळे मला नुसतं ‘आ का क’ ऐकू येत होतं. आता ऐक, आत मी काय करत होते ते.

दाताच्या पोटात मऊ, जिवंत गाभा असतो. लोक त्याला नस म्हणतात. पोरं पडतात, दात तुटतो, गाभा उघडा पडतो. पूर्वी सगळाच गाभा उपसून टाकायचे आणि दात मरायचा. आम्ही वरचा दुखावलेला तेवढाच थोडा काढतो, उरलेल्यावर औषध बसवतो आणि दात बंद करतो. औषध चांगलं असेल तर दात आतून आपणच त्या जखमेवर कडक पापुद्रा धरतो आणि जगतो. कुठलं औषध चांगलं, ह्याच्यामागे मी चार वर्षं हात धुवून लागले आहे. तुझ्या एका दातात जुनं पांढरं औषध घातलं, एकात करडं सिमेंट, आणि एकात आमच्या सरांनी लॅबमध्येच बनवलेलं नवीन. त्याचं अजून बारसं झालेलं नाही, आम्ही नुसतं ‘तिसरं’ म्हणतो. चौथ्या दाताला हात लावला नाही, तो तुलनेसाठी. औषधाला दोन महिने दिले आणि मग चारही काढले. आता त्यांचे उभे काप करून आत पापुद्रा धरलाय का ते बघायचं.

तिसरं औषध आजवर दोघांनाच मिळालंय. एक तू आणि दुसरी आमच्या समोरच्या बेकरीतली मुलगी, हसताना तोंडावर हात धरते ती. तुमच्या दोघांच्या बाटल्या शेजारी शेजारी आहेत.

लांब पत्र लिही. आई वाट बघते.

ताई


१० जून

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण पोती मोजून पाठ धरली आहे.

आईला सांग, मागच्या बाजूलाही लिहितो आहे. इथे सगळं ठीक. बटाटे गार आहेत, मालक गरम आहे. तारांमुळे मी बोललो की हमाल एकमेकांकडे बघून हसतात. एकजण म्हणाला, साहेब, तोंडाला कुंपण कशाला, तुमचं कोण काय चोरणार आहे.

एक विचारायचं होतं. खालच्या डाव्या बाजूचा जो दात काढलास, तिथे मला गार लागतं. हिरडीला नाही. दाताला. जीभ लावून पाहिली तर तिथे खड्डाच आहे, मऊ, भरत आलेला. पण कुणी बर्फाचा खडा टेकवावा तसा दात शिवशिवतो, थोडा वेळ राहतो आणि मग हळूहळू जातो. वरच्या दोन्ही खड्ड्यांत असलं काही नाही, उजव्या बाजूलाही नाही. रविवारी मात्र अजिबात होत नाही. हे असं होतं का?

तुझा
ठोंब्या


१४ जून

प्रिय ठोंब्या,

होतं. हात गेलेल्या माणसाला बोटं खाजतात, तसंच हे. दात गेला तरी डोक्याला त्याची सवय असते. त्यातून तू दिवसभर बटाट्यांबरोबर त्या थंडगार खोल्यांत उभा, मग गार लागणार नाही तर काय होणार. रविवारी सुट्टी असते म्हणून होत नाही. एवढं साधं गणित तुला सुटू नये, म्हणजे तुझं टोपणनाव मी फुकट ठेवलेलं नाही.

खालचा डावा म्हणजे तिसऱ्या औषधाचा. गंमत म्हणून सांगितलं.

पांढऱ्या आणि करड्या औषधाच्या दातांचे काप करून झाले, तुझेही. पांढऱ्याखालचा पापुद्रा भोकाभोकांचा निघाला, करड्याखाली बरा होता. सर खूश आहेत. आता सगळ्यांचा जीव तिसऱ्यात अडकलाय. हे औषध चाललं तर किती पोरांचे दात वाचतील ह्याचा हिशेब ते चहा पिताना बोटांवर मांडत बसतात.

परत झालं तर कळव. शास्त्रज्ञ म्हणून विचारते आहे, बहीण म्हणून नाही.

ताई


२० जून

प्रिय ताई,

तुझं गणित चुकलं. तीन दिवस रजा टाकून खोलीवर बसलो, अंगावर पांघरूण, बाहेर ऊन मी म्हणत होतं. तरी दुपार झाली की गार. तेही एकदम, दार उघडून कुणी आत ढकलावं तसं.

आणि आता नुसतं गार नाही. आधी टकटक होते. कुणीतरी नखाने काचेवर हलकेच वाजवावं तशी. ती मला कानात ऐकू येत नाही, जबड्यात ऐकू येते. मागे एक मशीन सारखं घरघरतं. गुरुवारी एक बाई हसली आणि खुर्ची सरकवली. हसणं अगदी तुझ्यासारखं होतं, आधी नाकातून आणि मग तोंडाने.

मी पीत नाही हे तुला ठाऊक आहे. झोपही चांगली लागते. चेष्टेवारी नेऊ नकोस.

तुझा
ठोंब्या


२४ जून

प्रिय ठोंब्या,

आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. काढलेल्या दाताच्या जागेतून कानात कळा जातात, त्यातून कधी कधी आवाजही येतात. हे पुस्तकात आहे, मी मनाचं सांगत नाही.

टकटक म्हणशील, तर बाटलीत दाताला बुडबुडे धरतात, ते सुटावेत म्हणून मी काचेवर नखाने वाजवते. माझी जुनी सवय आहे, तू इथे असताना पाहिली असशील, तीच डोक्यात राहिली असेल. बाटल्या फ्रीजमध्ये असतात आणि बघून झाल्या की मी दुपारी परत आत ठेवते. ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सांगून टाकलं इतकंच.

काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिलं. आई बरी आहे.

ताई


२९ जून

ताई,

झोपलो नव्हतो.

बुधवारी दुपारी तू विचारलंस ना, “काय रे, झोपलास का?” मी टक्क जागा होतो. लिंबू सरबत घेऊन गोदामाच्या पायरीवर बसलो होतो. तुझा आवाज इतका जवळून आला की पेला हातातून सुटला. हमाल म्हणाले साहेबांना ऊन लागलं.

मी तिकडे आहे, ताई. थोडासा का होईना, त्या बाटलीत आहे. मला कानाचा डॉक्टर नको. शुक्रवारी सर काय म्हणाले तेही मी ऐकलं: “परिषदेला जायच्या आत तिसऱ्याचा एक तरी काप मला हवा. दोन्हींतला कुठलाही चालेल, दुसरा अख्खा ठेवू.” तू म्हणालीस, “बघते.” हे सर म्हणालेच नसतील, तर मला उलट टपाली वेड्यात काढ, मी आनंदाने निघेन.

म्हणाले असतील, तर काय करू ते सांग. तुझं ते काप करायचं चक्र मी पाहिलंय, हिऱ्याची भुकटी लावलेलं, कागदाएवढं पातळ. दात काढताना तू मला भूल दिलीस. आता कुठे देणार? इथे खड्ड्यात सुई टोचून उपयोग नाही आणि तिथे बाटलीत टोचायला काही नाही. मला फार भीती वाटते आहे. एवढी कधीच वाटली नव्हती.

काप कर, पण माझा नको. दुसरा आहे ना तिथे एक? तो कर.

ठोंब्या


३ जुलै

प्रिय ठोंब्या,

सर तसंच म्हणाले. शब्द न् शब्द तोच.

आणि “झोपलास का” हेही मी म्हणाले होते. लॅबमध्ये कुणी नव्हतं. बाटली उजेडात धरली होती, तुझा दात तळाशी आडवा पडला होता, पाय पोटाशी घेऊन तू लहानपणी झोपायचास तसा. गंमत म्हणून बोलून गेले. तुझं पत्र वाचलं आणि माझी बोबडी वळली. आईने विचारलं काय झालं, तर म्हटलं मालकाशी त्याचं वाजलंय.

तरी मी असं कसं मानू? माझं अख्खं शिक्षण म्हणजे न तपासता काही मानायचं नाही. म्हणून सोमवारी मी एक गोष्ट केली आहे. काय केली, किती वाजता केली ते सांगणार नाही. फक्त तुझ्या बाटलीला केली, दुसऱ्या कुठल्याही नाही. सोमवारी तुला काही झालं असेल तर तसं लिही, नसेल तर नाही म्हणून लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

ताई


६ जुलै

ताई,

ऊन पाणी. आधी कोमट, मग चटका बसेल इतकं. सोमवारी सकाळी मालक मालाची चौकशी करायला आला होता, त्याच्यासमोर मी गाल धरून खाली बसलो. तोंडात काही नव्हतं. मग तू म्हणालीस, “बास झालं, बास झालं,” आणि पाणी निवलं. तू रडत होतीस का? तेवढं नीट कळलं नाही.

आता तपासलंस ना. आता मला वाचव. सरांना काहीही सांग, फरशीवर पडून फुटला म्हण. बाटली घरी ने. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

ठोंब्या


११ जुलै

प्रिय ठोंब्या,

जीव टांगणीला लागला असेल, म्हणून आधी तेवढंच सांगते. तुझा दात वाचला. माझ्या खोलीतल्या कपाटात, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून बाटली ठेवली आहे. आता गार नाही, ऊन नाही, टकटक नाही. सरांना म्हटलं, अख्खा नमुना फार मोलाचा आहे, लॅबमध्ये दहाजण हात लावतात, मी सांभाळते. ते परिषदेच्या घाईत होते, हो म्हणाले.

मंगळवारी सकाळी दुसऱ्या दाताचा काप केला. डोळे मिटून केला असं समजू नकोस. आदल्या दिवशी पाव आणायच्या निमित्ताने मुद्दाम बेकरीत गेले. ती गल्ल्यावरच होती, तोंडावर हात धरून हसली. तिला विचारलं, जागा दुखते का गं? नाही म्हणाली. जखम बघितली, छान भरली होती. काढल्यानंतरच्या तपासणीत आम्ही सगळ्यांना हाच प्रश्न विचारतो, तिनेही प्रत्येक वेळी नाहीच सांगितलं आहे. म्हणजे जे काही आहे ते तुझ्यातच आहे. तू माझा भाऊ आहेस, माझ्याच हाताने काढलेला दात आहे, कुठेतरी काहीतरी गुंतलं असेल. मला ते समजत नाही आणि आता समजून घ्यायचंही नाही.

काप सुरेख निघाला. इतका जाड, सलग पापुद्रा मी आजवर पाहिला नव्हता. त्याच्याखाली गाभा गुलाबी होता. एवढे दिवस औषधी पाण्यात ठेवलेल्या दाताचा गाभा गुलाबी राहत नाही, राखाडी होतो. सर भिंगावरून उठेचनात. चक्रावर पाणी सोडतो आपण, ते एकदा लालसर झालं. सर म्हणाले नळाचा गंज असेल. नळ नवीन आहे, पण मी बोलले नाही.

सरांनी एक अर्धा परिषदेला नेला. उरलेला अर्धा ठेवायला स्वच्छ बाटली सापडेना, म्हणून तो तुझ्याच बाटलीत टाकला. तुला तेवढीच सोबत.

आता शांत झोप. मलाही चार वर्षांनी पहिल्यांदा बरं वाटतं आहे. आज सकाळचा नाश्ता मात्र हुकला, बेकरी दोन-तीन दिवस बंदच आहे. कुणीतरी आजारी आहे म्हणतात.

ताई


१७ जुलै

प्रिय ताई,

मला काही झालं नाही, हे आधी सांगतो. मंगळवारी चक्र फिरायला लागलं ते मला ऐकू आलं. कुणाला घेतलंस ते मला माहीत नव्हतं. मी गोदामात शिरलो, दार लावून घेतलं आणि तोंडात रुमाल कोंबून पोत्यांमध्ये बसलो. दुखेल, आता दुखेल असं वाटत होतं. दुखलं नाही. शेजारून कुणीतरी ओरडायला लागलं. पाणी सोडलंस, मशीन बंद केलंस, सर ‘वा’ म्हणाले, तरी ते ओरडणं थांबलं नव्हतं. तुम्हा दोघांना ते ऐकू आलं नाही हे मला तुझं पत्र वाचून कळलं.

मग तू तिला माझ्या बाटलीत टाकलंस.

पहिल्यांदा ती नुसती कण्हत होती. काय करावं सुचेना, शेवटी मी विचारलं, कोण आहे? ती म्हणाली, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी शेजारचा. तेव्हापासून थोडं थोडं बोलते. घरी अंथरुणावर आहे. तोंडाला कापड बांधलंय, पेजसुद्धा उतरत नाही. दोन डॉक्टर येऊन गेले, तोंडात कुणाला काही सापडत नाही. तिचे वडील बेकरी बंद करून उशाशी बसून आहेत. बापाला वाटतं पोरीचं डोकं फिरलं.

ताई, तिलाही गार लागत होतं. भट्टीसमोर उभी असतानाही तिचा दात शिवशिवायचा. तू विचारलंस जागा दुखते का. जागा दुखतच नव्हती. दात दुखत होता, आणि नसलेला दात दुखतो म्हटलं तर तुम्ही मोठी माणसं हसाल म्हणून ती लाजून गप्प बसली. मी निदान तुझा भाऊ होतो, मला लिहिता आलं.

दुसरा काप कर असं मीच तुला लिहिलं होतं. तेव्हा तो दुसरा कोण, हे माझ्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर मी ते येऊच दिलं नाही. काल तिने विचारलं, मला कापायला कुणी दिलं? मी झोपल्याचं सोंग घेतलं. तिला कळलं असणार. इतक्या जवळ सोंग टिकत नाही.

तो अर्धा बाहेर काढायला जाऊ नकोस, नुसती बाटली हलली तरी ती किंचाळते. फेकायचा तर विचारही करू नकोस. सरांना तार कर, त्यांच्याकडचा अर्धा परिषदेत कुणी घासू नये, त्याला तेजाब लावू नये. सोमवारी तिथे काहीतरी केलं असणार, तिची इथे शुद्ध गेली होती.

आणि रोज कामावरून आलीस की तू कपाट उघडून “कसा आहेस रे?” विचारतेस, ते बंद कर. मी बरा आहे. काल तू बोललीस तेव्हा तिचं कण्हणं एकदम थांबलं. तू कपाट लावून गेल्यावर तिने मला एवढंच विचारलं, ह्या बाई तुमच्या कोण?

ठोंब्या